रस्ता रुंद होतोय, पण ओढ्याचं काय? पावसाआधी काय मागावं?

डोंगरकडचा_बाबू | ९ मे, रात्री ९:४२

मंडळी, धागा तसा आमच्या गल्लीपुरता आहे, पण मुंबईत निम्म्या लोकांच्या दारात सध्या खणलेलं असल्यामुळे इथेच टाकतोय.

मी भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला राहतो. आमचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता १८.३० मीटरचा २७.४५ मीटर करायचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. रस्ता हवाच होता. शाळेची बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की सकाळ तिथेच संपायची. माझी काळजी ओढ्याची आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरणारा एक ओढा या रस्त्याला चिकटून थोडं अंतर जातो. मग मोरीतून रस्त्याखालून पलीकडे, पुढे एलबीएस मार्ग, रेल्वे, हायवे, मिठागरं आणि शेवटी ठाण्याची खाडी.

सध्या जुनी मोरी अर्धी पाडलेली आहे. पाणी जायला तात्पुरते दोन ह्यूम पाईप (काँक्रीटचे गोल नळ) टाकून त्यावर मुरूम लोटलाय आणि त्यावरून डंपर फिरतायत. खणलेल्या मातीचे ढीग थेट ओढ्याच्या काठावर. काठावरची झुडपं आणि दोन उंबर गेले. ओढ्याचा रस्त्यालगतचा भाग बंदिस्त करून वर फुटपाथ आणि पार्किंग येणार असंही ऐकतोय. लेखी कुणी काही देत नाही.

पाऊस महिन्यावर आलाय. काम बंद पाडायचं नाहीये. पण या महिन्यात साईटवर नेमकं काय करून घ्यावं, म्हणजे जुलैत माती ओढ्यात आणि पाणी आमच्या तळमजल्यात येणार नाही? अनुभवी लोकांनी सांगा.

---

मिसळ_कमी_तिखट | ९ मे, रात्री ९:५८

पाऊस उशिरा यावा अशी मागणी करा. तेवढीच मंजूर होण्याची शक्यता आहे.

---

माटुंग्याची_लेक | ९ मे, रात्री १०:१५

वाचतेय. आमच्याकडे गांधी मार्केटला पाणी तुंबलं नाही तर पावसाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पण आमचा सखल भाग. तुम्ही तर उतारावर राहता, तुमच्याकडे पाणी थांबतं कसं?

---

जलवाहिनी_निवृत्त | १० मे, सकाळी ६:५०

उतारावर पाणी थांबत नाही, उतार संपतो तिथे थांबतं. डोंगरावर पडलेला पाऊस एलबीएसपर्यंत यायला फार वेळ घेत नाही. वर कातळ, खाली सपाटी, आणि मध्ये एकामागून एक मोऱ्या. त्यातली सगळ्यात अरुंद मोरी ठरवते की तळमजल्यात किती पाणी येणार. म्हणून बाबूराव, पहिली गोष्ट म्हणजे आपल्या रस्त्यासमोर उभं राहून आपलीच मोरी बघू नका. ओढ्याच्या कडेने खाली रेल्वेपर्यंत चालत जा आणि प्रत्येक ठिकाणी रुंदी-उंची मोजून लिहा.

आता तुमचे दोन पाईप. किती व्यासाचे? ९०० मिमीचे असतील तर दोन्ही मिळून सव्वा चौरस मीटर तोंड झालं. जुनी मोरी तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच असेल तर तिचं तोंड सहा. म्हणजे वाट पाचव्या हिश्श्यावर आली, वर त्यात फांद्या आणि प्लास्टिक अडकणार. मे महिन्यात त्यातून पाणी सुखाने जातं, कारण मे महिन्यात जे वाहतं ते पावसाचं नसतंच, वस्तीचं सांडपाणी असतं. त्यावर समाधान मानून साईटवाले घरी जातात.

थोडी पार्श्वभूमी. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमी पावसासाठी होती, तीही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) ती ताशी ५० मिमीवर न्यायला सांगितलं. अहवाल बरीच वर्षं कपाटात राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा कपाट उघडलं. त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या माधवराव चितळे यांच्या समितीने नंतर जे लिहिलं त्यात मुरण्याबद्दलचा हा आशावाद सोडून द्यायला सांगितलं आहे. आता मुरायला जमीन राहिली कुठे?

तुमच्या रस्त्याचाच हिशेब करा. रुंदी ९.१५ मीटरने वाढली. एका किलोमीटरला ९,१५० चौरस मीटर नवं काँक्रीट. ताशी ५० मिमी पाऊस झाला तर त्यावर तासाभरात साडेचार लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ४५ टँकर. आधी तिथे माती, गवत, उंबर होते; त्यातलं बरंच पाणी थांबत-मुरत, उशिरा ओढ्याला यायचं. आता सगळं लगेच येणार. नव्या मोरीच्या गणितात हे धरलंय का, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. 'हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन' असं नाव घेऊन मागा.

---

सातवा_मजला | १० मे, सकाळी ९:२०

काकांच्या अभ्यासाला दंडवत, पण एक वेगळं मत मांडते. आमच्या इमारतीला लागून असाच नाला आहे. बारा महिने वास, डास, उंदीर, आणि रात्री कोण काय आणून टाकेल सांगता येत नाही. गेल्या वर्षी त्यात गादी होती. अख्खी डबल बेडची. बंदिस्त करून वर फुटपाथ करत असतील तर हात जोडून करू द्या. 'ओढा वाचवा' म्हणणारे बहुतेक ओढ्यापासून लांब राहतात.

---

मिसळ_कमी_तिखट | १० मे, सकाळी ९:३१

गादी म्हणजे निदान नाल्याला बेड तरी होता.

(निघतो.)

---

जलवाहिनी_निवृत्त | १० मे, दुपारी १२:०५

सातवा मजला ताई, वास खरा आहे, त्यावर वाद नाही. पण वास सांडपाण्याचा आहे. त्याची जागा मलनिःसारण वाहिनीत, ओढ्यात नाही. झाकण घातल्याने सांडपाणी जात नाही, फक्त दिसेनासं होतं.

आणि झाकलेल्या नाल्यातला गाळ काढायचा कसा? उघड्या नाल्यात पोकलेन उतरतं, काठावरून लांब दांड्याचं यंत्र चालतं. बंदिस्त झाला की ठरावीक अंतरावरच्या तोंडांतून जेवढं निघेल तेवढंच. मधला गाळ तसाच राहतो आणि वर्षागणिक थर वाढतो. माणूस आत सोडावा म्हटलं तर वायूचा धोका आहे आणि तसल्या सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, ती असायलाच हवी. मी नोकरीत असताना बंदिस्त नाल्याची तोंडं नंतरच्या डांबरीकरणात गाडली गेलेली पाहिली आहेत. तोंड शोधायला रस्ता खणावा लागला.

जिथे रस्त्याला जागाच नाही तिथे तेवढा तुकडा झाकावा लागतो, मान्य. पण पार्किंगसाठी झाकायचा असेल तर मी विरोधात.

---

साईटवरचा | १० मे, रात्री ११:४८

मी कंत्राटदाराच्या बाजूने काम करतो (हा प्रकल्प नाही, दुसरीकडे). सगळे आम्हाला शिव्या घालतात म्हणून आमची बाजू.

मोरी एका दमात पाडून बांधता येत नाही, वाहतूक चालू ठेवायची असते. म्हणून अर्धी-अर्धी. खणायला घेतलं की आत काय निघेल याचा नेम नाही. नकाशात नसलेली पाण्याची लाईन, तीन कंपन्यांच्या केबल, कधी गॅस. प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाची तारीख वेगळी. जानेवारीत व्हायचं काम मेमध्ये जातं. पावसाळ्यात नवं खोदकाम बंद, ऑक्टोबरला पुन्हा सुरू. कागदावर आठ महिने, हातात पाच.

मातीच्या ढिगाचं मात्र समर्थन करणार नाही. डंपरची फेरी वाचवायला लोक काठावर माती ठेवतात, कारण परत भरायला तीच लागते. पण ती नाल्यापासून लांब ठेवून ताडपत्रीने झाकता येते, पायथ्याशी वाळूच्या गोण्या लावता येतात. खर्च फार नाही. निविदेत ती बाब वेगळी लिहिलेली नसली की कुणी करत नाही, कारण बिल निघत नाही. सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. धुळीचं बघा: २०२३ च्या ऑक्टोबरात पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले, पत्रे लावा, डंपरची चाकं धुवा, झाकून न्या, आणि तपासणी सुरू केली. बऱ्याच साईटवर चाकं धुवायची सोय आली. मात्र धुतलेलं पाणी कुठे सोडतात ते विचारू नका. गटारात.

---

डोंगरकडचा_बाबू | ११ मे, सकाळी ८:१०

साईटवरचा, मनापासून आभार. आतल्या माणसाने बोललं की कळतं. 'बिल निघत नाही' हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

काल टेप घेऊन खाली गेलो. पाईप ९०० चेच आहेत. एकाच्या तोंडाशी सिमेंटचा घट्ट थर बसलाय, दगडासारखा. तो कशाचा?

---

साईटवरचा | ११ मे, सकाळी ८:३४

आरएमसीचा (तयार काँक्रीट आणणारा) मिक्सर धुतलाय तिथे. गाडी रिकामी झाली की ड्रम धुवावा लागतो, नाहीतर काँक्रीट आतच बसतं. प्लांटवर जाऊन धुवायचं असतं. ड्रायव्हर जवळचा नाला बघतो.

---

रसायन_शिक्षिका | ११ मे, सकाळी १०:०२

या धुतलेल्या पाण्याबद्दल थोडं. सिमेंटचं पाणी भयंकर अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या आसपास. हाताला लागलं तर कातडी सोलते, तिथे माशाच्या कल्ल्यांचं काय होत असेल? गढूळ पाणी डोळ्यांना दिसतं म्हणून लोक बोलतात. हे पाणी थोडं निवळलं की स्वच्छ दिसतं आणि म्हणून सुटतं. उपाय साधा आहे. प्लास्टिकचा कागद अंथरलेला खड्डा करायचा, मिक्सर तिथेच धुवायचा, पाणी उन्हात आटू द्यायचं आणि उरलेला घट्ट थर डेब्रिजबरोबर न्यायचा. मे महिन्याच्या उन्हात एवढं तर होईल.

---

बोरिवलीचा_बोका | ११ मे, दुपारी १:१७

मासे? भांडुपच्या नाल्यात? ताई, त्यात जीव म्हणजे डेंग्यूच्या अळ्या. जे आधीच गटार झालंय त्याचं रक्षण काय करायचं? पाणी लवकर खाडीत गेलं म्हणजे झालं. भिंती बांधा, तळ काँक्रीटचा करा, सरळ रेषेत सोडा.

---

पाड्यावरची | ११ मे, सायंकाळी ५:४०

बोकेराव, मे महिन्यात येऊन बघितलंत म्हणून गटार दिसलं. माझं माहेर आरेतल्या पाड्यावर. वस्तीच्या वरच्या अंगाला ओढा आजही पावसाळ्यात नितळ असतो. खेकडे असतात, कोळंबी असते, आणि पहिल्या मोठ्या पावसाला वळगणीचे मासे चढतात. वरून पाणी आलं की खालचे मासे उलटे वर निघतात, अंडी घालायला. आम्ही लहानपणी टोपल्या घेऊन जायचो. आता मोरीच्या खालच्या तोंडाशी पाणी हातभर उंचावरून पडतं, कारण नवी मोरी बांधताना तळ वर ठेवला. मासा तिथे येऊन आपटतो आणि थांबतो. त्याच्या वर मग काहीच उरत नाही. काही मारलं नाही, विष टाकलं नाही, फक्त तळ दीड फूट वर ठेवला.

आणि सरळ काँक्रीटच्या नाल्याचं म्हणाल तर पाणी वेगाने जातं ते बरोबर. पण ते खालच्याच्या अंगावर वेगाने जातं.

---

मत्स्यप्रेमी_दादरकर | ११ मे, सायंकाळी ५:५२

वळगणीच्या माशांचं कालवण कसं करता? आमच्या आजीकडे ते चिंच न घालता, त्रिफळं घालून व्हायचं.

---

पाड्यावरची | ११ मे, सायंकाळी ६:०५

त्रिफळं बांगड्याला हो! याला हिरवं वाटण, लसूण भरपूर, आणि कैरी मिळाली तर कैरी. मासे बारीक असतात, ढवळायचे नाहीत, टोप हलवायचा.

---

मत्स्यप्रेमी_दादरकर | ११ मे, सायंकाळी ६:०९

कैरी! नोंद घेतली. वेगळा धागा काढा ना.

---

संपादक_मंडळ | ११ मे, सायंकाळी ६:३०

वेगळा धागा काढाच. इथे ओढा चालू द्या.

---

जलवाहिनी_निवृत्त | ११ मे, रात्री ८:१५

पाड्यावरच्या ताईंनी मोरीच्या तळाचा मुद्दा काढला तो फार मोलाचा. तांत्रिक भाषेत इन्व्हर्ट लेव्हल. नव्या मोरीचा तळ ओढ्याच्या मूळ तळापेक्षा थोडा खालीच ठेवायचा, म्हणजे त्यात नैसर्गिक दगडगोटे येऊन बसतात आणि पाण्याची उडी होत नाही. उडी झाली की मासा अडतोच, शिवाय खालच्या बाजूला पाणी तळ खणत जातं आणि काही वर्षांत मोरीचा पाया उघडा पडतो. हे पर्यावरणवाल्यांचं म्हणणं म्हणून ज्यांना पटत नाही, तेच लोक पाया उघडा पडला की धावत येतात.

सरळ काँक्रीटच्या भिंतींबद्दल: दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी, चारही नद्यांना आपण भिंती घातल्या. काही ठिकाणी पर्याय नव्हता, वस्ती काठावर आली होती. पण मिठीचंच बघा. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तिला काटकोनात वळवलं, मुखाशी वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भराव घातला, मग म्हणायचं नदीला पूर येतो. पाणी वेगाने पाठवायचं तर खाली घेणारा तयार हवा. मुंबईची समुद्रात उघडणारी मुखं १८६ मोजली गेली. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली, फक्त सहा भरतीच्या वर. भरती साडेचार मीटरच्या वर असली की जिथे मुखांवर झडपा आहेत तिथे त्या बंद, आणि पाणी तिथेच उभं. मग हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी पंपिंग स्टेशनं बांधावी लागली. हिंदमाताला तर जमिनीखाली टाक्या बांधून पाणी साठवून ठेवायची वेळ आली. म्हणून डोंगराकडे ओढा जितका वाकडातिकडा, दगडांचा, झाडांचा राहील तितकं खालचं काम हलकं.

काठ धरायचाच असेल तर जाळीत भरलेले दगड म्हणजे गॅबियन आहे, उतार बेताचा असेल तर काथ्याची जाळी अंथरून वाळा लावता येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावला तर वाळा धरतो. पण यंदाच्या पावसात त्यावर भरवसा नको, जाळी मात्र आत्ता अंथरता येईल.

---

खाडीवाला | १२ मे, सकाळी ७:२२

सगळे घरात पाणी येण्याबद्दल बोलतायत. माती जाते कुठे ते मी सांगतो. ती आमच्याकडे येते.

ठाण्याच्या खाडीत माझे आजोबा जिथे होडी घालायचे तिथे आता ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यावर तिवरं येतात, ती तोडता येत नाहीत, तोडावीत असं आम्हीही म्हणत नाही. पण होडीची वाट गेली. बोय कमी झाली, चिंबोरी मिळते ती लांब जाऊन. याला फक्त रस्ते कारण आहेत असं नाही. सांडपाणी आहे, भराव आहे, कारखाने होते. पण पहिल्या पावसात खाडीला जो लाल रंग येतो तो डोंगराचा नसतो, डोंगरावर झाडं आहेत. तो खणलेल्या मुरमाचा असतो. रोहित पक्षी बघायला माणसं येतात, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, चांगलंच आहे. वर भांडुपला ताडपत्री घाला, तेवढंही चालेल.

---

सातवा_मजला | १२ मे, सकाळी ९:४५

खाडीवाला दादा, हे मला ठाऊक नव्हतं. नाला बंद करावा हे माझं मत अजून तसंच आहे, निदान आमच्या इमारतीपुरतं. पण झाकायचं असेल तर माती आत जाण्याआधी अडवायला हवी, एवढं पटलं.

---

सचिव_नाईलाजाने | १२ मे, दुपारी ३:१०

सोसायटीचा सचिव म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. ओढ्याच्या नादात रस्त्याची उंची बघायला विसरू नका. आमच्याकडे काँक्रीटचा रस्ता झाला आणि रस्ता आमच्या गेटपेक्षा वर गेला. आधी कंपाउंडचं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं कंपाउंडमध्ये येतं. मीटरची खोली खाली आहे, दरवर्षी वीज बंद करावी लागते.

दुसरं, रस्त्याच्या कडेच्या जाळ्या. रस्ता झाला, उतारही बरोबर कडेला दिला, पण पाणी आत घेणारी जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटं वर. पाणी तिला वळसा घालून पुढे जातं. कुणीतरी बादलीभर पाणी ओतून बघितलं असतं तरी कळलं असतं.

---

मिसळ_कमी_तिखट | १२ मे, दुपारी ३:२४

बादलीची बाब निविदेत नव्हती.

---

अर्जदार_जुना | १२ मे, रात्री १०:३०

माहिती अधिकारावर बरेच जण येतील म्हणून आधीच सांगतो. अर्ज जरूर करा, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तोवर पाऊस आलेला असेल. २०२५ मध्ये मान्सून २६ मे लाच मुंबईत हजर झाला, एरवीची तारीख ११ जून. त्या दिवशी वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे 'महिना आहे' हा हिशेब सोडा, पंधरवडा धरा.

अर्जापेक्षा साईटवर कनिष्ठ अभियंत्याला गाठा, सकाळी, एकट्याने नाही, आणि आरडाओरडा न करता. वहीत मुद्दे लिहून न्या. भेट झाली की त्याच संध्याकाळी 'आज आपलं असं बोलणं झालं' असं पत्र वॉर्ड ऑफिसात आवक क्रमांक घेऊन द्या. फोटोत तारीख दिसू द्या. पुढे काही घडलं तर हे पत्र सगळ्यात जड पडतं. मागताना रस्ते खातं आणि पर्जन्य जलवाहिन्या खातं दोघांनाही प्रत द्या, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. रेल्वेखालची मोरी तिसऱ्याच घराची.

---

बोरिवलीचा_बोका | १२ मे, रात्री ११:०५

ठीक आहे, वळगणीचे मासे मला माहीत नव्हते. पण एक शंका राहतेच. गोण्या आणि ताडपत्र्यांनी ताशी ५० मिमीचा पाऊस अडतो का? मला हे सगळं मनाचं समाधान वाटतं.

---

साईटवरचा | १३ मे, सकाळी ७:५५

अडत नाही. बरोबर बोललात. गोण्या आणि कापडाची कुंपणं साध्या सरींना काम देतात. मुसळधारेत पाणी वरून जातं. बारीक चिकणमाती तर तासन्‌तास तरंगत राहते, ती कुंपणाने थांबत नाही. म्हणून माती अडवण्यापेक्षा ती उघडी न ठेवणं महत्त्वाचं. पावसाआधी जेवढा भाग पुरा होणार नाही तो उघडूच नये. उघडलेला असेल तो दाबून, वर खडीचा थर देऊन बंद करावा. ढीग हलवावेत. हे केलं तर उरलेल्याला गोण्या पुरतात.

आणि खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून थेट ओढ्यात सोडतात ते थांबवा. आधी टाकीत किंवा खड्ड्यात निवळू द्यायचं, मग वरचं पाणी सोडायचं. जुलैत चोवीस तास पंप चालतात. एका पावसात येणार नाही एवढी माती त्या नळीतून जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

---

डोंगरकडचा_बाबू | १६ मे, रात्री ९:२०

अपडेट देतो.

आम्ही चौघे जण वही घेऊन गेलो. कनिष्ठ अभियंता तरुण होता, ऐकून घेतलं. ढीग हलवायला तयार झाला, आणि खरंच काल रात्रीपासून डंपर लागलेत. मिक्सर धुण्याचा खड्डा करतो म्हणाला, अजून झालेला नाही. पाईपबद्दल मात्र अडला. आणखी दोन पाईप टाकायला वरून मंजुरी हवी म्हणे. आम्ही सव्वा विरुद्ध सहा हे गणित कागदावर लिहून दिलं, तेव्हा जरा विचारात पडला. 'जास्त पाऊस आला तर भराव आम्ही फोडू, पोकलेन साईटवरच आहे,' असं म्हणाला.

खालपर्यंत चालतही गेलो. रेल्वेच्या अलीकडे एक मोरी आमच्यापेक्षाही अरुंद आहे आणि तिच्या तोंडातून दोन पाण्याच्या लाईन आडव्या गेल्यात. त्यांना प्लास्टिकचं एवढं जाळं धरलंय की पलीकडचं दिसत नाही.

ओढा झाकायचा नकाशा अजून दाखवलेला नाही. 'ठरलेलं नाही' असं उत्तर आलं.

---

जलवाहिनी_निवृत्त | १७ मे, सकाळी ६:३५

ढीग हलले हे उत्तम.

'पोकलेन साईटवर आहे' यावर विसंबू नका. ऑपरेटर रात्री साईटवर असतो का, ते विचारा. भराव फोडायची वेळ पहाटे तीनला येते. १७-१८ जुलै २०२१ ची रात्र आठवा, भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातच पाणी शिरलं होतं आणि सकाळी शहराच्या बहुतेक भागाचा पुरवठा कोलमडला. त्यामुळे ऑपरेटरचं नाव आणि नंबर, आणि कोणत्या पातळीला पाणी आलं की भराव फोडायचा ती खूण पाईपच्या तोंडाशी लाल रंगाने मारून घ्या. खुणेशिवाय प्रत्येक जण दुसऱ्याच्या आदेशाची वाट बघतो. भराव फोडला की तो सगळा मुरूम खाली जाणार हेही त्यांना सांगा, म्हणजे जादा पाईपची मंजुरी कदाचित लवकर येईल.

आडव्या लाईनचा फोटो जल खात्याला वेगळ्या पत्राने द्या. लाईन यंदा हलणार नाही. पण त्यापुढचा कचरा पावसाआधी एकदा आणि नंतर दर मोठ्या पावसानंतर काढायला माणूस ठेवता येतो. ब्रिमस्टोवॅड अहवालातही नाल्यांत घुसलेल्या अशा वाहिन्यांबद्दल लिहिलेलं होतं.

आणि तात्पुरते पाईप काम संपल्यावर काढणार कोण, हे आत्ताच लेखी घ्या. माझ्या पाहण्यात असे पाईप नव्या मोरीच्या पोटात वर्षानुवर्षं पडून राहिले आहेत.

---

पाड्यावरची | १७ मे, सकाळी ९:१२

बाबूदादा, नव्या मोरीचा तळ अजून ओतला नसेल तर इन्व्हर्टचं आत्ताच विचारा. एकदा ओतला की संपलं.

---

डोंगरकडचा_बाबू | १७ मे, सकाळी ९:३०

अर्ध्या भागाचा ओतलाय, अर्ध्याचा बाकी. सोमवारी सकाळी जातोय. साईटवरचा, लेव्हल मोजायला मशीनशिवाय काही जुगाड आहे का?

---

साईटवरचा | १७ मे, सकाळी ९:४१

पारदर्शक नळी घ्या, दहा-पंधरा मीटरची, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक ओतलेल्या तळावर, दुसरं खाली ओढ्याच्या मूळ तळावर धरा आणि दोन्हीकडे तळापासून पाण्यापर्यंतची उंची टेपने मोजा. जो फरक येईल तेवढी उडी. गवंडी असंच करतात. अभियंत्यासमोरच करा.

---

मिसळ_कमी_तिखट | १७ मे, सकाळी ९:५०

नळी माझ्याकडे आहे, वॉशिंग मशीनची जुनी. मुलुंडला राहतो, सोमवारी येतो. नाश्ता तुमच्याकडे.